निळ्या बिनातला लाडू

काकांच्या घरात कचरा हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "आउटगोइंग मटेरियल म्हणा," ते सांगायचे. बाजारातून आलेलं सामान हे इनकमिंग, घरात शिजत-संपत असलेलं ते इन-प्रोसेस आणि मंगळवारी सकाळी रस्त्याच्या कडेला जाऊन उभं राहायचं ते आउटगोइंग. डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात ब्रेकच्या नळ्या तपासण्यात घालवली होती. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना घड्याळ दिलं आणि नळ्या काढून घेतल्या, पण तपासणी त्यांच्याकडेच राहिली. ती मग दह्याच्या डब्यांवर आली.

मी तेव्हा मिशिगनमधल्या नोव्हाय गावात त्यांच्या शेजारी राहत होते. काम घरूनच करायचे. टेबल खिडकीला लावलेलं आणि खिडकीतून समोर काकांचा ड्राइव्हवे, गराज आणि सिंकवरची स्वयंपाकघराची खिडकी. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते सगळं मी ऑफिसच्या वेळेत, पगार घेऊन पाहिलेलं आहे.

काका उंच, काटकुळे, कानांवर सप्टेंबरपासूनच माकडटोपी. सकाळी सिंकपाशी उभे राहून ते रिकामा डबा उजेडाकडे धरायचे, आतून बोट फिरवायचे, हुंगायचे आणि मोठ्याने निकाल द्यायचे, "पास!" किंवा "रिवर्क!" रिवर्क म्हणजे डबा पुन्हा साबणात. काकू नागपूरच्या. एकदा मला म्हणाल्या, "यांच्या आईनं मला पाहायला आल्यावर एवढं निरखून नव्हतं पाहिलं गं. दह्याच्या डब्याले काय पाहून राहिले, काय माहीत."

आता या माणसाची अडचण सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातूनच झाला. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तुम्ही-आम्हीही हे पाळतो, पण बेताने. काकांनी त्याचं स्पेसिफिकेशन करून टाकलं होतं. डबा कुणाचाही असो, कुणालाही द्यायचा असो, माणसाच्या हातात रिकामा डबा द्यायचा नाही. आणि रिसायकलिंग नेणारा माणूस हा माणूस होता.

त्याचं नाव डॅरिल. त्या काळी प्रत्येक घराला झाकण नसलेली एक छोटी पेटी असायची. ट्रकच्या पायरीवर उभा राहून डॅरिल यायचा, खाली उडी मारायचा, पेटीतल्या वस्तू हाताने निवडून ट्रकच्या वेगवेगळ्या कप्प्यांत टाकायचा. काका माकडटोपी घालून तिथे हजर. पेटीत बाकीचे डबे रिकामे असले तरी सगळ्यात वरचा डबा भरलेला असायचा. बेसनाचा लाडू, दिवाळीत चकली, उन्हाळ्यात कधी आंब्याची वडी. तो एक डबा बाकीच्यांच्या वतीने भरलेला, असा काकांचा हिशेब. डॅरिल तो डबा उचलायचा, लाडू तिथेच अर्धा खायचा आणि म्हणायचा, "थँक्स, डॉक!" भारतीय म्हणजे डॉक्टर, अशी त्याची समजूत होती. काकांनी ती कधी दुरुस्त केली नाही. तेही त्याला डॅरिलराव म्हणायचे. डबा डॅरिलबरोबर जायचा तो जायचाच. परत यायचा नाही, हीच त्यातली सोय होती.

मग गावाने पद्धत बदलली. पेट्या गेल्या आणि घराघरांत कमरेइतकं उंच, चाकांचं निळं बिन आलं. झाकण पूर्ण बंद हवं, दांडा घराकडे हवा, मेलबॉक्सपासून अंतर हवं. ट्रकही नवा. त्याला बाजूने एक लोखंडी हात फुटलेला. तो हात बिन पकडणार, उचलणार, ट्रकच्या डोक्यावर उपडं करणार आणि परत जागेवर ठेवणार. कुणीही खाली उतरणार नाही.

बिन आलं त्या दिवशी काकांनी त्याची पूजा केली. "चाकं आहेत म्हणजे वाहनच," ते म्हणाले. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवून ते बिन ड्राइव्हवेवरून एक फेरी फिरवून आणलं. शिकागोला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला काकूंनी ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, "आई, इज ही ओके?" काकू म्हणाल्या, "नाही."

पूजेनंतर तालीम. सोमवारी दुपारी काकांनी माझी बेल वाजवली. "तुला दहा मिनिटं आहेत का? ट्रायल रन घ्यायचाय. तू हात हो."

"काय होऊ?"

"ट्रकचा हात. मी ड्राइव्ह करतो."

मी हात झाले. काय करणार? काका पुढे स्टिअरिंग धरल्यासारखे चालत आणि मी त्यांच्या बाजूला दोन्ही हात पुढे करून तिरकी चालत. बिनापाशी आल्यावर काका "स्टॉप!" म्हणायचे, मी बिनाला मिठी मारायची, उचलल्यासारखं करायचं आणि ठेवायचं. काका बाजूला होऊन टेपने अंतर मोजायचे. "मेलबॉक्सला कोपर लागतंय तुझं. रिजेक्ट. पुन्हा." समोरच्या अमेरिकन शेजारीणबाई कुत्रं घेऊन निघाल्या होत्या, त्या थांबल्या आणि सगळं ठीक आहे ना असं विचारू लागल्या. मी बिनाच्या गळ्यात पडलेले. काका म्हणाले, "ट्रेनिंग!" बाईंनी कुत्रं उचलून घेतलं आणि परत आत गेल्या.

मंगळवारी बिन अगदी बिनचूक उभं होतं. आत सगळ्यात वर नेहमीसारखा भरलेला डबा. ट्रक आला, हात आला, बिन वर गेलं आणि लाडू ट्रकच्या पोटात गडप झाला. कुणी थँक्स म्हटलं नाही. ट्रकची काच काळी होती आणि ती वर चढवलेली होती. काकांनी उंचावलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तो माकडटोपी सारखी करायला वापरला.

पुढच्या वेळी बिनाच्या दांड्याला नारिंगी पट्टी लटकत होती. डब्यात अन्न आढळलं, असं तिच्यावर होतं. ट्रकच्या डोक्यावर कॅमेरा असतो आणि तो सगळं बघतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुसऱ्या कुणीही पट्टी वाचून लाडू बंद केला असता. काकांनी मूळ कारणाचा शोध घेतला. बेसनाचा लाडू पिवळा असतो, कॅमेऱ्यात उठून दिसतो, असं निघालं. म्हणून पुढच्या खेपेला रव्याचा, पांढऱ्या डब्यात. पुन्हा पट्टी. मग चिवडा. चिवडा उपडा होताना सगळ्या कागदांवर पसरला असणार. त्या खेपेची पट्टी मोठी होती आणि तिच्यावर फोन करा असं होतं.

फोन करताना त्यांनी मला साक्षीदार म्हणून बसवलं आणि स्पीकर लावला. पलीकडे गावाच्या कचरा विभागातली एक मुलगी होती, आवाजावरून अगदी गोड.

"सर, कंटेनर एम्प्टी, क्लीन अँड ड्राय हवा," ती इंग्रजीत म्हणाली.

"क्लीन अँड ड्राय आहेच. आय अ‍ॅम फ्रॉम क्वालिटी."

"अँड एम्प्टी, सर."

"नॉट पॉसिबल. वुई डोन्ट गिव्ह एम्प्टी."

"सर, म्हणजे तुम्ही त्यात अन्न मुद्दाम घालता?"

"येस," काका अभिमानाने म्हणाले. "होममेड."

मुलीने फार धीराने सांगितलं की आणखी एक पट्टी लागली तर बिन परत नेण्यात येईल. काकांनी तिचे आभार मानले, फोन ठेवला आणि म्हणाले, "भरलेला ते घेत नाहीत. रिकामा मी देत नाही. लॉट होल्डवर."

मी म्हटलं, "काका, आता माणूस कुठे आहे? मशीन घेऊन जातं. मशीनला रिकामा दिला तर काय होतं?"

"ट्रक चालवतं कोण?" ते म्हणाले. "काळ्या काचेआड माणूसच बसलाय ना? दिसत नाही म्हणून नाही असं धरायचं?" काकांशी वाद घालताना हे नेहमी व्हायचं. ते चुकीच्या रस्त्याने जाऊन बरोबर काहीतरी बोलायचे आणि आपण तिथेच उभे.

होल्ड म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी दिसलं. गराजच्या जमिनीवर पिवळी टेप मारून चौकोन आखला होता आणि त्यात धुतलेले डबे रचलेले. दह्याचे, आइस्क्रीमचे, लोणच्याच्या बरण्या. ते कचऱ्यात टाका, असं सुचवायची हिंमत फक्त मुलीने केली. "बाबा, जस्ट टॉस इट!" काका म्हणाले, "अशाच डब्यांतून तुझी पोळीभाजी शाळेत गेलीय." आठवडे गेले तसा चौकोन वाढला, टेप सरकत गेली आणि ऑक्टोबरच्या शेवटी काकूंची गाडी गराजबाहेर आली.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही ती इथून. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं. डोळ्यांमुळे काकांचं ड्रायव्हिंग बंद झालेलं, घरात गाडी एकच आणि ती काकू चालवणार. फिजिओथेरपीला जायचं तर गाडी हवी. मिशिगनच्या थंडीत बाहेर उभी केलेली गाडी म्हणजे सकाळी काचेवरचा बर्फ खरवडा, आणि पायाखाली ड्राइव्हवेवर काचेसारखा गोठलेला थर. डॉक्टरांनी काकूंना एकच गोष्ट बजावली होती, पडायचं नाही. "स्नो पडायच्या आत माझी गाडी आत पाहिजे," काकूंनी सांगून टाकलं. "नाहीतर मीच पोरीकडे शिकागोला जाते. तुम्ही राहा डब्यांसंगं."

काकू गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. दिवाळी आली तेव्हा त्यांनी डाव टाकला. होल्डवरचे डबे घेतले, त्यात फराळ भरला आणि ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत वाटून टाकला. भरलेले डबे आहेत, काकांना आक्षेप नाही. गराज निम्मं मोकळं झालं. काकूंनी मला फोन करून सांगितलं, "झालं बाप्पा! उद्या गाडी आत."

त्या एक गोष्ट विसरल्या होत्या. डबे वाटले ती घरंही आपलीच होती, तीच रीत पाळणारी. दोन दिवसांत बेल वाजायला लागली. "काकू, तुमचा डबा द्यायचा होता." आत करंज्या. "मावशी, सॉरी हं, उशीर झाला." आत अनारसे. कुणी एकाच्या बदल्यात दोन दिले, कारण फराळ एकात मावला नाही. एका भल्या गृहस्थांनी नवऱ्यामुलाकडच्या आहेरासारखा स्टीलचा डबा पाठवला आणि तो परत करायचा म्हणजे आणखी फराळ करणं आलं. आठवड्याभरात डबे सगळे परत, वर नवे पाहुणे. आता गराजमध्ये डबेही होते आणि करंज्याही. काका प्रत्येक डबा उघडून म्हणाले, "बघ, एकानेही रिकामा पाठवला नाही." त्यांना हे आपल्या बाजूने मिळालेलं मत वाटत होतं.

आणि मग स्नो पडला.

मंगळवार होता. मी मीटिंगमध्ये होते. खिडकीतून काकू गाडीची काच खरवडताना दिसत होत्या, एका हातात खरवडणी, दुसरा हात गाडीला धरलेला. मला त्या क्षणी काकांचा खरोखर राग आला. या माणसाला रिकामा डबा देववत नाही, पण बायकोला बर्फात उभं करवतं. मी मीटिंगमध्ये म्यूट करून जॅकेट घालायला उठले, तेवढ्यात काकू दिसेनाशा झाल्या.

मी धावले. काकू ड्राइव्हवेवर बसल्या होत्या, पाय पुढे पसरून, अगदी पंगतीला बसल्यासारख्या. "गुडघा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मी मागच्या मागे बसले. पण उठता येऊन नाही राहिलं." इतक्यात रिसायकलिंगचा ट्रक आला आणि करकचून थांबला. दार उघडलं. काळ्या काचेआडून जो माणूस उतरून धावत आला, तो डॅरिल होता.

घरातून काका सपाता घालून धावत येत होते. डॅरिलला पाहून ते बर्फातच थबकले.

"डॅरिलराव? तू आत होतास?"

"पहिल्या दिवसापासून, डॉक!" डॅरिल इंग्रजीत म्हणाला. "मला उतरायला बंदी आहे. आत स्क्रीन असतो, त्यात सगळं दिसतं. तुझा तो पिवळा गोळा माझ्या डोळ्यांसमोर खाली पडला. मी हात थांबवायचं बटण दाबलं, पण तोवर बिन उपडं झालं होतं. घरी जाऊन बायकोला सांगितलं मी."

"आणि पट्ट्या?"

"पट्ट्या ऑफिसची माणसं मागाहून येऊन लावतात. कॅमेरा थेट तिकडे दाखवतो. मी त्यांना म्हटलं, अरे, ते अन्न माझ्यासाठी आहे! त्यांनी मला पुन्हा ट्रेनिंगला पाठवलं."

"चिवडा पण पाहिलास?"

"तो तर सगळीकडे उडाला, डॉक!"

दोघंही डोळे पुसायच्या बेतात होते. तेवढ्यात खालून आवाज आला.

"लाडवाचं झालं असेल तर मला कोणी उठवून राहिले का?"

आम्ही तिघांनी मिळून काकूंना उठवलं. काकूंनी कपडे झटकले, एकदा गुडघा वाकवून पाहिला आणि मग काकांकडे वळल्या. इतकी वर्षं त्या काकांवर चिडत होत्या, पण मोठ्या आवाजात. त्या दिवशी त्या हळू बोलल्या. "तुम्हाले रीत पाळायची आहे नं? मग या माणसाच्या हातात द्या काय द्यायचं ते. बिनात कशाला घालता? तो डब्यांत थोडाच बसलाय? आणि आज माझी गाडी आत गेली नाही तर उद्या मी शिकागो."

काकांनी एकदा बिनाकडे पाहिलं, एकदा डॅरिलकडे. ट्रकमध्ये काहीतरी पीं-पीं वाजत होतं, दार उघडं असल्याची सूचना असावी. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे दोन वेगळ्या लाइन करायच्या. मटेरियल इकडून, माणूस तिकडून." आणि माझ्याकडे बघून: "हे आधी कुणी कसं सुचवलं नाही?"

त्या दुपारी आम्ही होल्डवरचे सगळे डबे हलवले. काकांचं बिन काठोकाठ भरलं, मग माझं, मग समोरच्या शेजारीणबाईंचं. माझ्या बिनासाठी काकांनी मला एक करंजी दिली, बाईंना एक अनारसा. बाईंनी तो कुत्र्यापासून लपवत खाल्ला आणि आणखी डबे आहेत का म्हणून विचारलं. उरलेले डबे तळघरात गेले आणि पुढच्या मंगळवारांवर सोपवले. पिवळी टेप काकूंनी स्वतः, बर्फ खरवडायच्या खरवडणीनेच उकलून काढली. संध्याकाळी त्यांची गाडी आत गेली. गराजचं दार खाली आलं तेव्हा मला इतका आनंद झाला, जणू माझाच गुडघा वाचला होता.

राहिला डॅरिल. त्याला उतरता येत नाही आणि ट्रकची खिडकी उंच. काकांनी छपरावरचा बर्फ ओढायचा लांब दांडा घेतला, त्याचं फावडं काढलं आणि टोकाला डबा बसेल अशी कडी लावली. सोमवारी बेल वाजली. पूर्वी मी हात झाले होते, आता खिडकी झाले. शिडीवर उभी राहून मी हातांची चौकट धरायची आणि काका खालून दांड्याने डबा वर पोचवायचे. पहिला लाडू माझ्या कपाळावर बसला. "रिजेक्ट," काका म्हणाले. "पुन्हा."

मग दर मंगळवारी सकाळी आमच्या रस्त्यावर हे दृश्य असायचं. ट्रकचा लोखंडी हात खाली येऊन रिकामे डबे उचलतोय आणि त्याच वेळी काकांचा दांडा वर जाऊन खिडकीतून एक भरलेला डबा देतोय. शेजारीणबाई कुत्र्याला कडेवर घेऊन बघायला यायच्या.

मी नोव्हाय सोडून दक्षिणेतल्या अल्फारेटा गावी राहायला आले त्याच्या आधीची शेवटची सकाळ. निरोप घ्यायला मी ड्राइव्हवेवर गेले होते. काकू फिजिओथेरपीला निघायच्या, गराजमध्ये गाडीत बसलेल्या, गाडी चालू. ट्रक आला. काकांनी दांडा वर केला, डॅरिलने डबा काढून घेतला आणि दांडा तसाच धरून ठेवला. "थांब, डॉक," तो म्हणाला. त्याने कडीला काहीतरी अडकवलं. दांडा जड होऊन खाली आला.

दह्याचा डबा होता. काकांचाच, मागच्या मंगळवारचा. लख्ख धुतलेला. काकांनी सवयीने तो उजेडाकडे धरला, पण त्यातून उजेड आरपार आला नाही. झाकण उघडलं तर आत कॉर्नब्रेडचे दोन तुकडे, अजून कोमट.

"बायको म्हणाली, लोकांचे डबे असे ठेवून घेऊ नयेत," डॅरिल वरून म्हणाला. "आणि धुऊन नुसताच कसा देणार?"

ट्रक गेला. काका डबा दोन्ही हातांत धरून उभे होते. इतक्या वर्षांत मी त्यांना डबा तपासून निकाल न देता कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी निकाल लागला नाही. त्यांचे डोळे वाहत होते आणि पाणी माकडटोपीच्या लोकरीत मुरत होतं. माझंही तेच झालं, पण मला लोकर नव्हती.

मग ते सावकाश गराजमध्ये गेले, एक तुकडा गाडीच्या खिडकीतून काकूंच्या हातात दिला, एक मला दिला, डबा पुसला आणि रिकाम्या फळीवर अगदी मधोमध ठेवला.

काकूंनी गाडी मागे घेता घेता ब्रेक दाबला आणि काच खाली केली.

"हे काय?"

"परत द्यायचाय," काका म्हणाले. "मंगळवारी."

काकूंनी फळीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, हातातल्या कॉर्नब्रेडचा घास घेतला.

"एकच हं," त्या म्हणाल्या, आणि काच वर केली.